नालीतला गप्पी जगतो, मग टाकीतला का मरतो?

गोंदियात नव्याने मासे पाळू लागलेली माणसं पहिल्या पंधरवड्यात हटकून हा प्रश्न विचारतात. आरोग्य खात्याने नालीत सोडलेल्या गप्पींना कोणी खाऊ घालत नाही, त्यांचं पाणी कोणी बदलत नाही, तरी ते वाढतात. आपण मात्र दोन फुटी काचेची टाकी आणली, तळाला खडे अंथरले, फिल्टर लावला, नळाचं स्वच्छ पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी गप्पीच्या चार जोड्या आणि दोन मोली सोडले. चौथ्या दिवशी एका मादीने पिल्लं दिली. घरभर कौतुक झालं, पोरांनी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. आठव्या दिवसापासून रोज एक-दोन मासे उताणे पडू लागले.

थोडक्यात उत्तर असं की नालीतलं पाणी घाण असलं तरी जुनं असतं. टाकीतलं स्वच्छ असलं तरी नवं असतं. हे नवं-जुनं नेमकं काय, ते नीट समजलं की पिल्लं वाढवणं अवघड राहत नाही. म्हणून आधी पाणी पाहू, बाळंतपण नंतर.

१. हा मासा इथे कसा आला

गप्पी मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदाद या भागातला. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. नाव मात्र मिळालं रॉबर्ट गप्पी या त्रिनिदादच्या रहिवाशाचं, कारण त्यांनी पाठवलेल्या माशांवरून लंडनमध्ये १८६६ साली या माशाचं पुन्हा एकदा बारसं झालं. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला. त्याच कामासाठी त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया १९२८ साली इटलीहून आला.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हिवताप ही नेहमीची डोकेदुखी. त्यामुळे इथल्या माणसाची गप्पीशी पहिली ओळख दुकानात होत नाही, आरोग्य केंद्राच्या सिमेंटच्या हौदाशी होते. जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना, जुलैत डेंग्यू प्रतिरोध महिना. या दिवसांत साचलेल्या डबक्यांत, नाल्यांत गप्पी सोडले जातात.

यातून ‘गप्पी कशातही जगतो’ असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. नालीत सोडलेल्यांपैकी किती मेले, हे आपण कधी मोजत नाही; उरलेले तेवढे दिसतात. शिवाय नालीतला गप्पी राखाडी, काटक, आखूड शेपटीचा. दुकानातला मोठ्या शेपटीचा, निळा-लाल गप्पी पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी निवडून जुळवलेला असतो. त्या निवडीत काटकपणाचा विचार कोणी केलेला नसतो, आणि वर तो प्राणवायू भरलेल्या पिशवीतून लांबचा प्रवास करून थकून आलेला असतो.

२. स्वच्छ पाण्यातलं न दिसणारं विष

मासा खातो, त्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो दिसत नाही, आणि घातक प्रमाणात असला तरी बहुधा वासही येत नाही. पाणी अगदी काचेसारखं नितळ राहतं.

किती होतो, ते हिशेबाने पाहू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की उरतं साधारण ४५ लिटर. माशांच्या तयार खाण्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं धरा. मग १ ग्रॅम खाण्यात ४०० मिलिग्रॅम प्रथिनं, आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर पडला तरी ३२ मिलिग्रॅम. ४५ लिटरला भागलं की लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. हे एका दिवसाचं झालं. हौसेने रोज ग्रॅमभर खाणं टाकलं आणि अमोनिया संपवणारं टाकीत कोणी नसलं, तर आठवड्याअखेर लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. आठव्या दिवशीच मासे का मरतात, याचं उत्तर या भागाकारात आहे. ग्रॅमभर खाणं म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही, हेही ध्यानात असू द्या.

सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका त्यातला जहाल भाग मोठा. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असेल तर जहाल भाग जेमतेम अर्धा टक्का. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि तेच पाणी ३० अंशांवर गेलं की सात टक्क्यांच्याही वर. गप्पी आणि मोली यांना नेमकं अल्कधर्मी, जड पाणीच मानवतं. म्हणून नव्या टाकीत त्यांची कुचंबणा इतर माशांपेक्षा जास्त होते.

३. टाकीला विरजण लावणं

जुन्या पाण्यात अमोनिया संपवणारे जिवाणू असतात. ते दोन टप्प्यांत काम करतात. पहिल्या गटातले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. अशा माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात आणि तो पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत राहतो. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. ते वनस्पती वापरतात किंवा पाणी बदलताना निघून जातं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर त्यांचा बुळबुळीत थर धरतो. नालीच्या चिखलात, आरोग्य केंद्राच्या शेवाळलेल्या हौदाच्या भिंतींवर तो वर्षानुवर्षांचा असतो. कोऱ्या काचेवर काहीच नसतं. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही आणि लावल्यावरही रात्रभर वाट पाहावी लागते, तसंच इथे. फक्त रात्रीऐवजी चार ते सहा आठवडे लागतात.

सगळ्यात चांगलं विरजण म्हणजे चालू टाकीतला मळका स्पंज. ओळखीच्या कोणाची वर्षभर नीट चाललेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. मुदत निम्म्याहून कमी होऊ शकते. बाटलीतल्या जिवाणूंचा अनुभव कधी बरा, कधी पैसे पाण्यात. मळका स्पंज फुकट मिळतो आणि त्याच्यावर माझा भरवसा जास्त.

मासे न सोडता टाकी तयार करायची असेल तर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाकावं. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना अन्न मिळेल. थेंबांनी रंग बदलणारं तपासणीचं किट मिळतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी लागली म्हणायचं.

पण हे वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी मासे आधीच सोडलेले असणार. त्यांनी रोज पाव टाकी पाणी बदलावं, मोठ्या माशांना दिवसाआड चिमूटभरच खाऊ घालावं आणि ‘मेलेल्यांच्या जागी’ नवे मासे आणू नयेत. लिटरमागे एक ग्रॅम खडेमीठ, म्हणजे आपल्या टाकीत ४५ ग्रॅम, विरघळवून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं घालावं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. मोलीला मीठ आवडतंच. पाणी बदललं की जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. दरवेळी ४५ ग्रॅम नव्हे.

स्पंज मळला तर टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर महिनाभराची कमाई गेली.

४. टीसीएल पावडरचा दिवस

कारण नळाला क्लोरीन असतो. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर घालतो आणि मग नळाला ओटी टेस्ट घेतो. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन पोचला. शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरावा अशी अपेक्षा असते. माणसाला तो वाचवतो. माशाच्या कल्ल्यांना तेवढाही पोळतो, आणि जिवाणूंचा थर मारतो. पावसाळ्यात, साथीच्या दिवसांत पावडरचा हात सढळ होतो.

उपाय सोपा: पसरट भांड्यात किंवा बादलीत पाणी चोवीस तास उघडं ठेवा, जमलं तर त्यात एअर पंपाची नळी सोडा. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. विहिरीचं पाणी असलं तरी पावडर कधी टाकली याची चौकशी करून घ्यावी.

५. बाळंतपण

गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे चौघे एकाच कुळातले. मादी अंडी बाहेर टाकत नाही. ती पोटातच फळतात, वाढतात आणि पोहणारी पिल्लं बाहेर येतात. गप्पीला साधारण २१ ते ३० दिवस लागतात, मोलीला त्याहून थोडे जास्त.

नर ओळखणं सोपं. पोटाखालचा मागचा पर मादीत पंख्यासारखा उघडतो. नरात तो बारीक काडीसारखा होतो. त्या काडीतून नर मादीच्या पोटात बीज सोडतो, आणि मादी ते कित्येक महिने साठवून ठेवू शकते. एका समागमावर ती महिन्या-महिन्याने अनेक वेळा विते. ‘टाकीत नर नाहीच, मग पिल्लं कुठून आली?’ या कोड्याचं उत्तर हे. दुकानातून आणलेली मोठी मादी जवळजवळ नेहमीच गाभण असते, आणि म्हणूनच नवी टाकी लागायच्या आधी बाळंतपण येऊन ठेपतं. पिल्लं झाली म्हणजे पाणी चांगलं असा अर्थ कोणी काढू नये.

दिवस भरत आले की मादीचं पोट खालून गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं. शेपटीकडे, पोटाच्या टोकाला असलेला डाग काळा पडतो. फिकट रंगाची मादी उजेडासमोर आली तर त्या डागात पिल्लांचे डोळे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होऊन दिसतात. मग ती खाणं सोडते, कळपातून बाजूला होते, फिल्टरच्या मागे किंवा तळाच्या कोपऱ्यात थरथरत उभी राहते. पिल्लू मुटकुळं होऊन बाहेर पडतं, थोडं खाली जातं, मग उलगडतं आणि झेप घेऊन जवळच्या पानाआड शिरतं. लांबी ६ ते ८ मिलिमीटर. दोन पिल्लांमध्ये कधी मिनिट, कधी तास. तरुण मादी दहा-पंधरा पिल्लं देते. थोराड मादीची संख्या पन्नासच्या पुढेही जाते.

आणि वळून ती आपलंच पिल्लू गिळते. याचा धक्का बसतो, विशेषतः लहान मुलांना. तिला ते आपलं आहे हे कळत नाही; हलणारं, तोंडात मावणारं ते खायचं, एवढाच हिशेब. गप्पी हा जन्मोजन्मी खाल्ला जाणारा मासा आहे आणि त्याची सगळी घडण त्याभोवती झाली आहे. १९७६ साली त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर यांनी मोठ्या शिकारी माशांच्या प्रवाहातले गप्पी उचलून, असा शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. अकरा वर्षांनंतर डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की त्या गप्पींच्या वंशजांना वयात यायला जास्त वेळ लागतो, आणि त्यांची पिल्लं संख्येने कमी पण आकाराने मोठी असतात. खाणारा गेला, तसं भराभर पोरं काढण्याचं कारणही गेलं.

६. पिल्लं कुठे ठेवायची

दुकानदार प्लास्टिकची बाळंतपणाची पेटी देईल. मला ती पसंत नाही. तळहाताएवढ्या जागेत दिवस भरलेली मादी कोंडली की ती घाबरते, कधी अर्धवट पिल्लं टाकते, कधी स्वतःच दगावते. त्यापेक्षा टाकीत दाट वनस्पती भरा. हायड्रिलाचे झुपके पाण्यावर तरंगते सोडले तरी पुरे. पिल्लं त्यात दडतात आणि वनस्पती थोडा अमोनियाही शोषून घेते.

हायड्रिला आपल्याकडे तलावात, बोडीत मुबलक. पण तशीच उचलून टाकीत टाकू नका. तिच्यात चतुराची अळी असते: मातकट, सहा पायांची, पानाला चिकटून निपचित. पिल्लू जवळ आलं की तिचा खालचा जबडा हातासारखा पुढे झेपावतो आणि पिल्लू गायब. रोज पिल्लं कमी होताहेत आणि मोठे मासे तर निर्दोष दिसताहेत, असं झालं की आधी ही शोधावी. हायड्रिला पांढऱ्या घमेल्यात झटकून, चार-पाच दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून, रोज तळ पाहून मगच टाकीत घ्यावी.

नव्या टाकीत खरा पेच वेगळाच असतो. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं लागतं, आणि न लागलेल्या टाकीत इतकं खाणं घालणं म्हणजे अमोनियाला आमंत्रण. मोठ्यांना उपास आणि पिल्लांना चंगळ, हे एका पाण्यात जमत नाही. म्हणून पिल्लं वेगळी काढावीत, पण कोऱ्या भांड्यात नाही. अंगणात सिमेंटचा जुना, हिरवं पाणी असलेला हौद असेल तर त्यातलं पाणी वीस लिटरच्या टबात गाळून घ्या. नसेल तर आरोग्य केंद्राच्या हौदातलं बादलीभर पाणी विचारून आणता येईल. त्या हिरव्या पाण्यातलं शेवाळ अमोनिया खातं आणि त्यातले सूक्ष्म जीव पिल्लं खातात. त्यात छोटा स्पंज फिल्टर, वर मच्छरदाणीच्या कापडाचं झाकण. रोज तीन-चार लिटर पाणी बदला. पिल्लं जाळीने न पकडता पेल्यात पाण्यासकट उचलावीत.

खाण्यासाठी नेहमीचेच दाणे बोटांत चुरून पीठ करा. उकडलेल्या अंड्याचा बलक सगळे सुचवतात, पण तो एवढं पाणी नासवतो की नव्या टाकीत मी तो वर्ज्यच मानतो. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात चोवीस ते छत्तीस तास ठेवून त्यातून निघालेली पिल्लावळ गाळून दिली, तर गप्पीची पोरं झपाट्याने वाढतात. त्यांचं केशरी भरलेलं पोट बाहेरून दिसतं. धानाच्या जिल्ह्यात भात आणि मुरमुरे टाकण्याची फार सवय. मासे खातातही, पण नुसत्या पिठूळ खाण्यावर पिल्लू वाढत नाही आणि उरलेलं कुजतं.

७. नवतपा आणि गेलेली लाइट

मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि टिनाच्या छपराखाली टाकीचं पाणी ३४-३५ अंशांवर पोचतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३५ ला सातच्या आत. त्याच वेळी माशाची गरज वाढते आणि अमोनिया जहाल होतो. नवतपात खाणं निम्मं करावं, झाकण काढून जाळी घालावी आणि पंखा पाण्यावर सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ थेट टाकू नये. लाइट गेली तर बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप हाताशी असावा.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खालीही जातो. दोन फुटी टाकीला ५० ते ७५ वॅटचा हिटर २५ अंशांवर लावून ठेवला की पुरे.

८. जास्त झालेल्यांचं काय

टाकी लागली, पिल्लं वाचायला लागली, की नवी अडचण येते. चार माद्या, महिन्याला प्रत्येकी पंचवीस, म्हणजे शंभर पिल्लं. त्यातली वीसच वाचली तरी चार महिन्यांत ऐंशी मासे, आणि तोवर पहिल्या खेपेच्या माद्याही विऊ लागलेल्या असतात. ४५ लिटरमध्ये वीसेक मोठे गप्पी म्हणजे हद्द झाली.

अशा वेळी माणसं डबा घेऊन जवळच्या तलावावर जातात. हे करू नका. नवेगावबांधपासून बोडलकसा, चोरखमाऱ्यापर्यंत हा तलावांचा जिल्हा आहे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तर गावोगाव. त्यांत मरळ, मांगूर असे इथलेच मासे आहेत, त्यांच्यावर ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांचं पोट आहे. डासांच्या अळ्या खाणारे छोटे देशी मासेही तिथे असतातच. गप्पी तिथे उपरा. तो दुसऱ्या माशांची अंडी आणि कोवळी पिल्लं खातो आणि एकदा रुजला की काढता येत नाही. आरोग्य खात्याची माणसं बंदिस्त हौदात, डबक्यात गप्पी सोडतात ते जागा पाहून. जास्तीचे मासे ओळखीच्यांना द्या, दुकानदाराला विचारा, हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याला विचारा.

मोठ्या माशांबरोबरच पिल्लं राहू देणं हाही एक मार्ग आहे, आणि तो क्रूर वाटला तरी नैसर्गिक आहे. नर-मादी वेगळे करायचे तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतानाच, नराची काडी दिसू लागताच करावेत. उशीर झाला की मादीने बीज साठवलेलंच असतं.

ज्यांना पिल्लांचा हा सगळा पसारा नकोच, त्यांनी फक्त नर आणावेत. गप्पी जोडीनेच विकायची दुकानात पद्धत आहे, त्यामुळे पाच नर मागितले की उरलेल्या पाच माद्या कोणाला खपवायच्या म्हणून दुकानदार थोडी कुरकुर करेल. पण रंग आणि शेपटी नरांनाच असते, आणि त्यांच्यासाठीच आपण दुकानात गेलेलो असतो.